लस मैत्रीने आपले काय साधले?

फोंडेकर: 'लस मैत्री, म्हणजे इतर देशांना कोविडची लस पुरवण्याची भारताची मोहीम, हे महामारीच्या काळातील भारताचे सर्वांत यशस्वी परराष्ट्र धोरण होते,' असे एका सदस्याने काल येथे लिहिले, ते वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. २० जानेवारी २०२१ रोजी भूतान आणि मालदीवला पहिले डोस पोहोचले आणि एप्रिलपर्यंत साडेसहा कोटींच्या आसपास डोस देशाबाहेर गेले. मे महिन्यात माझा धाकटा भाऊ इस्पितळाच्या व्हरांड्यात जमिनीवर पडून होता. मध्यरात्री ऑक्सिजनचा दाब उतरला की आम्ही त्याला पालथा करून धरून बसत होतो. वय पंचेचाळिशीच्या आत असल्यामुळे त्याला एकही डोस मिळालेला नव्हता. याला यश म्हणायचे?

मडगावची वाचक: फोंडेकर बाब, तुमचे दुःख खरे, पण हिशेब अपुरा आहे. भेट म्हणून गेलेले डोस सुमारे एक कोटी होते. बाकीचे व्यापारी करारांनी आणि कोव्हॅक्स या देशोदेशी लस पोहोचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय योजनेतून गेले. एप्रिलअखेर चाळीसहून अधिक देश आपल्या मदतीला पुढे आले, आणि २००४ च्या त्सुनामीपासून परकीय मदत न घेण्याचे जे धोरण होते, ते आपल्याला बाजूला ठेवावे लागले. ही सद्भावना आपसूक मिळाली नाही.

फोंडेकर: अमेरिका आणि जर्मनी यांना आपण लस भेट दिलीच नव्हती, तरी त्यांनी मदत केली. उलट निर्यात अचानक थांबल्यावर बांगलादेश आणि नेपाळमध्ये पहिला डोस घेतलेले लोक दुसऱ्यासाठी ताटकळले आणि तेथे चीनच्या सिनोफार्म लसीला वाट मिळाली.

वास्कोचा तारवटी: तुम्ही दोघे डोस मोजत आहात, मी जहाजावर काम करणारा, मला मात्र परराष्ट्र धोरण लसीच्या प्रमाणपत्राच्या रूपाने भेटले. मी कोव्हॅक्सिन घेतली होती. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली, तोवर माझी बोट मला न घेता गेली. परदेशी जाणाऱ्या कोव्हिशील्डवाल्यांसाठी जूनमध्ये दुसऱ्या डोसचे अंतर २८ दिवसांवर आणले गेले, आमच्यासाठी काहीच नव्हते. ब्रिटनने लस मानली पण आपले प्रमाणपत्र मानले नाही, तेव्हा ऑक्टोबरमध्ये भारताने ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवसांचे विलगीकरण लावले आणि आठवड्याभरात ब्रिटन नमले. तीच ताकद आधी का लावली नाही?

बार्देशकर: जहाजावर परकीय चलन मिळवणाऱ्यांची सोय पाहणे म्हणजे परराष्ट्र धोरण नव्हे. गावात राहिलेल्यांचे हाल काही कमी नव्हते.

वास्कोचा तारवटी: हे वाक्य मागे घ्या. एप्रिल २०२० मध्ये मरेला डिस्कव्हरी हे प्रवासी जहाज मुंबईसमोर उभे होते, तेव्हा त्यावरची भारतीय माणसे समोरचा किनारा पाहत होती आणि केंद्राने उतरण्याचे नियम जारी करेपर्यंत त्यांना उतरता येत नव्हते. आमच्या घरांतून येणाऱ्या पैशावर या गावातली किती घरे चालतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मडगावची वाचक: बार्देशकर, तुमचे बोलणे अन्यायाचे आहे. तारवटींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र लस मैत्रीला दोष देण्यात नाही. मान्यतेची वाटाघाट हे वेगळे काम होते आणि ते उशिरा झाले.

फोंडेकर: ऑक्टोबरमधील ती ठाम भूमिका योग्य होती, एवढे मी मान्य करतो. निर्यातीबाबत माझे मत तेच आहे: लस घरच्यांसाठी किती राखायची, हे फेब्रुवारीत ठरवायला हवे होते.