मदत हवी आहे : घरामागच्या डोंगराला भेग पडली आहे, आबा घर सोडायला तयार नाहीत

सावित्रीकाठ :

नमस्कार मंडळी. घाईत लिहिते आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात. वाडी डोंगराच्या पायथ्याला, पंधरा-सोळा घरं, त्यातलं आमचं सगळ्यात वरचं. मी डोंबिवलीत असते. घरी आई-आबा दोघंच, एक गाभण गाय आणि दोन बैल. पाच दिवस पाऊस थांबलेला नाही. काल चुलतभाऊ वर गवताला गेला, तेव्हा घरापासून दीडशेएक पावलांवर त्याला जमिनीत भेग दिसली. चढाला आडवी, तीन बोटं रुंद, वीसेक पावलं लांब, आणि तिची दोन्ही टोकं खाली घराच्या दिशेला वळलेली.

दुसरं म्हणजे, परवा खळ्याच्या कोपऱ्यात भोक पडलं. घमेलं बसेल एवढं. पागोळ्यांचं पाणी त्यात जातं आणि भोक भरत नाही. आबांनी दोन घमेली दगड टाकले, तेही आत गेले.

आबा म्हणतात, "एकवीस साली एवढा पाऊस झाला, साखर सुतारवाडीला दरड आली, केवनाळ्याला आली, आपला डोंगर हलला नाही. आता कशाला हलतोय?" त्यांना काय उत्तर द्यावं मला कळत नाही. भेग आणि भोक यांचा एकमेकांशी संबंध आहे का? व्हिडिओत रस्त्याच्या मधोमध पडलेले मोठे खड्डे दाखवतात, हे तसलं काही आहे का? आणि जो डोंगर २०२१ला टिकला तो यंदा येऊ शकतो का? आबांना पटेल असं कुणी सांगू शकेल का?

घाटवाट :

ताई, कारणं मागाहून. आधी आजची रात्र. आई-आबांना अंधार पडायच्या आत खाली आणा. शाळा, समाजमंदिर, नातेवाइकांचं घर, काहीही चालेल, पण ते डोंगरापासून आणि वहाळापासून लांब हवं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, भावाला गावातूनच लावायला सांगा. ११२ पण आहे. तलाठी आणि पोलीस पाटील दोघांनाही तारीख-वेळ घालून फोटो पाठवा.

इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३च्या रात्री दरड आली तेव्हा वाडी झोपेत होती. दुसऱ्या दिवशी आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधली मुलं मदतीला वर गेली. तिथे गाडीरस्ता नाही, यंत्रं वर नेता आली नाहीत, माती हातांनी उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. धोक्याच्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. तेव्हा "आपलं गाव यादीत नाही" असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका.

जुना_भूजलवाला :

ताई, मी भूजलाच्या कामात नोकरी केली, विहिरी आणि झरे बघण्यात बरीच वर्षं गेली. फोटोवरून कुणीही पैजेवर सांगू शकत नाही. पण चढाला आडवी आणि टोकं खाली वळलेली भेग मला आवडत नाही. उन्हाने जमीन तडकते तेव्हा भेगा जाळीसारख्या, वेड्यावाकड्या पडतात. अशी चंद्रकोरीसारखी एकच भेग पडते ती खालचा भाग सुटायला लागला म्हणून.

घाटवाट म्हणतात ते आधी करा. मग मला दोन गोष्टी सांगा. घराच्या मागे किंवा वर गेल्या वर्षभरात कुणी डोंगर कापला आहे का? आणि जवळपास झरा असेल तर त्याचं पाणी सध्या कसं आहे?

सावित्रीकाठ :

१०७७ला भावाने कळवलं. आई खाली शाळेत यायला तयार आहे, आबा गोठ्यातून हलत नाहीत.

हो, मार्चमध्ये वरच्या धनगरवाड्याकडे जायला रस्ता काढला. आमच्या घराच्या मागूनच. जेसीबीने डोंगर आठ-दहा फूट उभा कापलाय, भिंत वगैरे काही बांधलेली नाही. झरा गोठ्याच्या मागे आहे, आजोबांच्या वेळेपासूनचा. आईला आत्ता विचारलं. म्हणाली, तीन दिवस पाणी चहासारखं येतंय.

जुना_भूजलवाला :

मग ताई, मला भेगेपेक्षा झऱ्याची जास्त काळजी वाटते. का ते नीट सांगतो.

सह्याद्री म्हणजे एकसंध दगड नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. काही थर टणक काळा पत्थर, काही मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा आणि लवकर कुजणारा. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी गेरूसारखा तांबडा पट्टा असतो. त्या पट्ट्यातून पाणी सहज खाली जात नाही, ते त्याच्यावरून आडवं चालतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतं. आपल्या वाड्या नेमक्या तिथे वसल्या. पाणी होतं, भाताची खाचरं करता येतील एवढी माती होती. पण ही माती म्हणजे हजारो वर्षांत वरून घसरत आलेला भरडा, मुरूम आणि धोंडे. खाली कातळ, वर ही सैल गोधडी.

पावसाचं पाणी गोधडीत भरतं तसं तिचं वजन वाढतं. त्याहून वाईट म्हणजे मातीच्या कणांमधल्या फटींत पाण्याचा दाब तयार होतो आणि तो कणांना एकमेकांपासून उचलून धरतो. मातीला कातळावर धरून ठेवणारं घर्षण तिथे संपतं. चढ तोच, माती तीच, पण पकड गेलेली असते.

आबांच्या एकवीस सालच्या मुद्द्याला उत्तर इथेच आहे. २२-२३ जुलै २०२१ला चोवीस तासांत तुमच्या डोक्यावरच्या महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तुमचा डोंगर तेव्हा टिकला हे खरं. पण त्याचा पायथा तेव्हा अखंड होता. पायथ्याची माती वरच्या मातीला टेकू देते, तो टेकू मार्चमध्ये काढला. शिवाय मोठ्या पावसातून गेलेली माती जास्त घट्ट होते असं नाही. आतले बारीक कण वाहून जातात, बारीक भेगा राहतात, पुढच्या वर्षी पाणी त्याच वाटेने जातं.

आता झरा. आबांनी जन्म शेतीत काढला, त्यांना मातीच्या दाबाचं काही सांगू नका, बांधाचं विचारा. खेकड्याने खाचराचा बांध पोखरला की काय होतं? आधी बाहेरच्या अंगाला नितळ पाणी झिरपतं. त्याची कुणाला भीती वाटत नाही. मग एक दिवस तेच पाणी गढूळ येतं. म्हणजे आता पाणी एकटं बाहेर पडत नाही, बांधाची माती सोबत घेऊन चाललंय. त्या रात्री शेतकरी झोपत नाही, कुदळ घेऊन बांधावर जातो, कारण सकाळपर्यंत बांध राहणार नाही हे त्याला माहीत असतं. तुमच्या गोठ्यामागचं पाणी तीन दिवस गढूळ आहे.

खळ्यातलं भोक याच गोष्टीचं दुसरं टोक असू शकतं. पाणी आतून माती नेतं, आत पोकळी होते, वरचं छत बसतं. दगड टाकून ते भरू नका आणि गुरं त्या बाजूला बांधू नका.

पेवकरी :

भोकाबद्दल एक शंका. ते डोंगराशी संबंध नसलेलंही असू शकतं ना? आमच्या सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखाली हळद साठवायची. २००५च्या पुराचं पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं बसली. तुमच्या खळ्याखाली जुना खड्डा, बुजवलेली विहीर, कुजलेल्या आंब्याचं मूळ असं काही आहे का, हे आबांनाच विचारा. घुशीसुद्धा मोठी पोकळी करतात.

जुना_भूजलवाला :

शंका रास्त आहे. व्हिडिओतल्या खड्ड्यांबद्दल ताईंनी विचारलं होतं, तेही यात येतं. फ्लोरिडासारख्या भागात खाली चुनखडी असते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडी हळूहळू विरघळवतं, गुहा होतात आणि एक दिवस छत कोसळतं. आपला काळा पत्थर तसा विरघळत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात जमीन अशी अचानक गिळते तेव्हा बहुतेक वेळा खाली जुनी विहीर, फुटलेली गटारवाहिनी किंवा खाण निघते. जून २०२१मध्ये घाटकोपरला सोसायटीच्या आवारात उभी गाडी बघता बघता पाण्यात गेली. खाली विहीर होती, वर काँक्रीट टाकून तिच्यावर गाड्या लावत होते.

पण चुनखडी नसली तरी पाणी माती पोखरू शकतं, हे लक्षात घ्या. ग्वाटेमाला शहरात २०१०ला वादळी पावसानंतर तीन मजली इमारत खड्ड्यात गेली. तिथे खाली ज्वालामुखीची सैल राख होती आणि पाण्याने ती आतून वाहून नेली. केरळच्या डोंगरउतारांवरही जमिनीखाली असे पाण्याचे बोगदे होतात.

एरवी भोकाला मी एवढं महत्त्व दिलं नसतं. भेग, कापलेला पायथा, गढूळ झरा आणि भोक हे सगळं एकाच आठवड्यात, एकाच घराभोवती आहे, म्हणून देतो.

वणीकर :

आमच्याकडे घुग्गुसला ऑगस्ट २०२२मध्ये एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली कोळशाची जुनी खाण. घरातली माणसं हादरा जाणवताच बाहेर पळाली म्हणून वाचली. घर गेलं तर पुन्हा बांधता येतं. काकांना एवढं माझ्या वतीने सांगा.

सावित्रीकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं. बातम्यांत भूस्खलन, दरड, जमीन खचली असे शब्द येतात. आमच्याकडे समजा झालं, तर ते कुठल्या प्रकारचं असेल? म्हणजे पळायला वेळ मिळतो का?

जुना_भूजलवाला :

हाच प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण वेळ प्रकारावर ठरतो.

कशेडी घाटात रस्त्यावर धोंडे येतात ते कोसळणं. कड्यापासून सुटले की सेकंदांत खाली. जमीन सावकाश खचते तेव्हा दिवस, महिने मिळतात, भिंतींना तडे जातात, दारं अडकायला लागतात. २०२३च्या जानेवारीत जोशीमठला घरं सोडायला वेळ मिळाला तो त्यामुळे. तुमची भेग सांगते की मातीचा एक तुकडा वक्र पृष्ठावरून सरकू पाहतोय. नुसतं सरकण्यावरच थांबलं तर थोडा वेळ असतो. पण ती माती पाण्याने भरलेली असेल तर सरकता सरकता तिचा चिखल होतो आणि तो वहाळासारखा वाहत येतो. माळीणला ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर असाच चिखल होऊन आला, १५१ माणसं गेली. त्यातून पळणं माणसाच्या पायांना जमत नाही. म्हणून आवाज आला की निघू, हा विचार आबांनी सोडायला हवा. पाऊस थांबला की परत जाऊ, हाही. उघडीप पडल्यावरसुद्धा आतलं पाणी उतरायला दिवस लागतात.

कधी धावायची वेळ आलीच तर वहाळाच्या दिशेने खाली पळू नका. आडवं, बाजूच्या उंचवट्यावर जा.

भावाला पाऊस चालू असताना वर पाठवू नका. दिवसा उघडीप मिळाली तर दोघांनी मिळून जावं, भेगेच्या वर एक आणि खाली एक खुंटी ठोकावी, मधलं अंतर मोजून लिहून ठेवावं आणि लगेच उतरावं. झऱ्याचं पाणी, जिथे ते खाली रस्त्याला मिळतं तिथूनच, रोज काचेच्या बाटलीत भरून ठेवा. खाली किती गाळ बसतो ते बघा.

घाटवाट :

आणि गुरं. आबा गोठ्यासाठीच अडलेत असं वाटतं. माणसं खाली येतात आणि पहाटे धारेला, चाऱ्याला परत वर जातात. गुरांची सोय आधी करा, माणूस आपोआप येईल.

सावित्रीकाठ :

तीन दिवसांनी लिहिते आहे, माफ करा, तिकडे रेंज नव्हती. मी गावाला आले आहे.

त्या संध्याकाळी भावाने खेकड्याचा आणि बांधाचा मजकूर आबांना फोनवरून वाचून दाखवला. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गढूळ पाणी मी पयल्याच दिशी बघितलंन. बोललो नाय." कुणी घाबरू नये म्हणून ते गप्प राहिले होते. मग स्वतःच बैल सोडले. गाय नदीपलीकडे मावशीकडे पोचवली, रात्री नऊला आई-आबा आणि वरची पाचही घरं शाळेत आली. खळ्याखाली जुना खड्डा किंवा विहीर नाही, हेही त्यांनी सांगितलं.

काल दुपारी उघडीप होती. भावाने आणि शेजारच्या दादांनी खुंट्यांमधलं अंतर मोजलं, दोन दिवसांत चार बोटं वाढलंय. खळ्यातलं भोक आता टोपलीएवढं आहे. तलाठी येऊन पाहून गेले, वरच्या सहा घरांना परत न जाण्याची लेखी सूचना मिळाली आहे. भूवैज्ञानिकांना कळवलंय असं सांगितलं. आल्यावर त्यांना काय काय दाखवू, आणि परत जायचं ते कशावरून ठरवायचं?

जुना_भूजलवाला :

कापलेला पायथा आधी दाखवा, भेग नंतर. खुंट्यांची मापं तारखांसह कागदावर द्या. भेगेत पाणी शिरू नये म्हणून वरून ताडपत्री आणि पाणी बाजूला काढणारा चर लागेल, पण तो त्यांनी जागा दाखवल्यावरच खणा. चुकीच्या जागी खणलेला चर पाणी उलट आत मुरवतो. या पावसाळ्यात परत जायचा विचार करू नका. पुढे जायचं की नाही हे पायथ्याला आधार दिल्यावर आणि पाहणी झाल्यावर ठरेल. बाटल्यांचं काय झालं?

सावित्रीकाठ :

तीन बाटल्या शाळेच्या खिडकीत ओळीने ठेवल्यात. आबाच भरून आणतात, आणि प्रत्येकीवर कागद चिकटवून त्यावर वार लिहितात. सोमवारच्या बाटलीत एक बोट गाळ बसला, मंगळवारच्या दीड. आजची अजून ढवळलेलीच आहे.