अनुभव धागा: टोकियोचं टीमलॅब प्लॅनेट्स, पोरांसकट

निशीकासाईकर: टीमलॅब प्लॅनेट्स म्हणजे पाण्यातून चालत बघायचं डिजिटल कलेचं संग्रहालय. भटकंतीच्या धाग्यावर तिथल्या पाण्यावर प्रकाशाने काढलेल्या माशांचा फोटो आला आणि पोरांना नेताना काय घालायचं, काय न्यायचं असे तेच प्रश्न पुन्हा आले, म्हणून हा वेगळा धागा. आधी कपडे. बूट-मोजे लॉकरमध्ये, पाण्याच्या भागात अनवाणी. पाणी मोठ्यांच्या गुडघ्यापर्यंत, म्हणजे तीन वर्षांच्या पोराच्या कमरेला. चुडीदार किंवा घट्ट जीन्स वर सरकतच नाही, सैल हाफ पँट बरी. काही खोल्यांत जमीन आरशाची आहे, त्यामुळे फ्रॉकखाली चड्डी हवीच.

खारी_बिस्कीट: नेहमीचा डायपर पाणी पिऊन फुगतो आणि खाली येतो. तान्ह्यांना कडेवरच ठेवा. बाबागाडी आत नेता येत नाही.

सोऱ्या: मासे म्हणजे रेकॉर्ड केलेली फिल्म नव्हे, संगणक ते तिथल्या तिथे काढतो. मासा माणसाला धडकला की त्याचं फूल होतं. पोरं मागे धावतात, पाणी ढवळतं, चित्र मोडतं. एका जागी उभं करा, मासा पायाशी येऊ दे. पाणी दुधट का, असं पोरं विचारतातच. नितळ पाण्यावर चित्र उमटणार कसं?

मी_वरदा: मोबाईल गळ्यात अडकवा!! खिशातला वाकलं की पाण्यात.

खारी_बिस्कीट: +१. पांढरा टीशर्ट घाला, अंगावर रंग छान पडतात आणि अंधारात पोर सापडतं.

पुणेरी_पाटी: हेच का ते टोकियोतल्या आझाबुदाई हिल्सचं टीमलॅब?

निशीकासाईकर: नाही हो. ते बॉर्डरलेस, टीमलॅबचंच दुसरं संग्रहालय, २०२४ पासून तिथे आहे. पाण्यात उतरायचं ते हे, शिन-टोयोसू स्टेशनला. तिकिटावर तारीख-वेळ ठरलेली असते, नाव नीट वाचून काढा.

सोऱ्या: २०२५च्या जानेवारीत प्लॅनेट्समध्ये डिजिटल जंगलाचा भाग वाढवलाय. तिथला चित्रातले प्राणी पकडायचा खेळ मोबाईलच्या ॲपवर चालतो, बॅटरी खातो. पॉवरबँक न्या. उड्या मारायच्या भागात सगळंच लहानग्यांना झेपत नाही, आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथेच भोकाड. चित्र रंगवून स्कॅन करायचं टेबल शेवटी ठेवा, तिथून कुणी उठत नाही.

मी_वरदा: पाय रुतणाऱ्या मऊ जमिनीच्या खोलीत आजी-आजोबांना हात द्या. पोरं मुद्दाम लोळतात, मागून येणारा अडखळतो.

पुणेरी_पाटी: खायचं काय? शाकाहारी आहोत.

खारी_बिस्कीट: आवारात व्हेगन रामेन (जपानी नूडल्सचं सूप, दूध-मांस काही नाही) आहे.

पुणेरी_पाटी: संकष्टीला चालेल का 😄

मी_वरदा: चंद्र दिसल्यावर खा!