आईबाबांना ख्रिसमस बाजार दाखवू की नको? (न्यूरेंबर्ग आणि आसपास)

पेग्निट्झकाठ

नमस्कार मंडळी. या डिसेंबरात आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येतायत, कराडहून. 12 ते 28 मुक्काम. आईचं फोनवर दर वेळी एकच, "तो तुझा दिव्यांचा बाजार दाखवशील ना गं?" ही ओढ मीच लावून ठेवलीय. 2011 साली इथे आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात तिला त्यावर लांबलचक मेल लिहिली होती. ती तिने छापून घेतली आणि मावश्यांना वाचून दाखवली. लालपांढऱ्या पट्ट्यांचं कापड घातलेल्या टपऱ्या, भाजलेल्या बदामांचा वास, सुक्या आलुबुखारांच्या, तारेत ओवलेल्या माणसांच्या बाहुल्या, अक्रोडाच्या डोक्यांच्या. एकाच्या खांद्यावर शिडी, दुसरीच्या कडेवर बाळ.

आता तिला न्यायचं माझ्याच जिवावर आलंय. मागच्या वर्षी एका मोठ्या शहराच्या बाजारात (नाव नको) शनिवारी संध्याकाळी लेकीला घेऊन गेले. पुढचा माणूस हलेल तेव्हा आपण हलायचं. तिच्या डोळ्यांसमोर फक्त लोकांच्या कोटांची बटणं. दर तिसऱ्या टपरीवर ग्लूवाइन (मसाले घातलेली गरम वाइन), उरलेल्यांत मोबाइलची कव्हरं आणि लोकरी टोप्या. तिच्यासाठी 18 युरोंचा लाकडी देवदूत घेतला. घरी येऊन बघते तर तळाशी "हस्तकला" अशी चिठ्ठी, आणि लेकीने ती नखाने खरवडली तर खाली कारखान्याचा छापील बारकोड. ती काहीच बोलली नाही. देवदूत खिडकीत ठेवला आणि झोपायला गेली. मला मात्र फार लागलं ते.

तर प्रश्न असा, की माझ्या त्या मेलमधला बाजार तुमच्यापैकी कुणाला अजून सापडतो का? आणि तो परत उभा करायचा, तर काय करावं लागेल?

निनाद_बर्लिन

आधी सुरक्षेचं बोलतो, कारण आईबाबांच्या मनात ते येणारच. 2016 साली इथे बर्लिनला ब्राइटशाइडप्लाट्झ चौकातल्या ख्रिसमस बाजारात ट्रक घुसवला गेला. डिसेंबर 2024 मध्ये माग्डेबुर्गच्या बाजारात गाडी घातली, त्यात सहा जण गेले, एक नऊ वर्षांचा मुलगा होता. म्हणून आता बाजाराभोवती काँक्रीटचे ठोकळे आणि लोखंडी अडथळे दिसतात. ते बघून मन खट्टू होतं हे खरं, पण ते हवेतच. अडचण अशी की हा खर्च मोठ्या शहराला पेलतो, गावातल्या छोट्या मंडळाला नाही. 2025 मध्ये काही ठिकाणी त्याच कारणाने बाजारच रद्द झाले. बाजार टिकायला हवेत तर हा बोजा सरकारने उचलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एल्बेवरून

ताई, मी ड्रेस्डेनला आहे आणि मूळचा सावंतवाडीचा. तुमच्या देवदूताचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे चितारआळीत लहानपणी कातारी काम करताना बघत उभा राहायचो. लाकूड फिरतंय, त्यावर लाखेची कांडी टेकली की घर्षणाने लाख वितळून रंग चढतोय, आणि शाळेची घंटा होऊन गेलीय. तोच मी इथे झायफनला पोचलो. एर्झगेबिर्गं डोंगरातलं खेळण्यांचं गाव. पूर्वी खाणी होत्या, कथील संपत आलं तसे लोक लाकडाकडे वळले. तिथली एक रीत जगात दुसरीकडे कुठे बघितली नाही. स्प्रूसच्या ओल्या ओंडक्याची जाड चकती लेथवर लावतात आणि पटाशीने आधी एका बाजूने, मग उलटवून दुसऱ्या बाजूने खाचा पाडत जातात. शेवटी हातात येतं एक लाकडी कडं, वेड्यावाकड्या पन्हाळींचं. काततानाही आत काय घडतंय ते दिसत नाही, सगळा हाताचा अंदाज. मग त्या कड्यावर सुरी ठेवून केकसारखी फोड काढली, की कापलेल्या बाजूला घोडा उभा! पाठ, पोट, पाय, मान, सगळं. एका कड्यात अशी कितीतरी जनावरं निघतात. पुढे घरी बसून त्यांना कान, शेपटी लावायची, रंगवायचं.

मी तिथे पाऊण तास उभा होतो. माझ्या शेजारी एक पाच वर्षांचा मुलगा होता, त्यालाही घरचे ओढून नेत होते आणि तो हलत नव्हता. बाजाराची जान तिथे आहे. दिवे वाढवून ती येत नाही. जो विकतोय त्यालाच "हे कसं केलंत?" असं विचारता आलं पाहिजे आणि त्याला उत्तर देता आलं पाहिजे. आमचा श्ट्रीत्सेलमार्क्ट, म्हणजे ड्रेस्डेनचा ख्रिसमस बाजार, 1434 पासूनचा, त्यातही मी आधी हे काम करणाऱ्यांच्याच टपऱ्या शोधतो.

उपायाचं विचारलंत म्हणून सांगतो. टपरी कुणाला द्यायची हे कुणीतरी ठरवतंच ना? तिथेच अट घाला. ठरावीक जागा स्वतः बनवणाऱ्यांनाच, आणि भाडं त्यांना झेपेल एवढंच. ग्लूवाइनच्या टपरीइतका गल्ला आलुबुखाराचा माणूस बनवणाऱ्याला कधीच होणार नाही. दोघांना एकच भाडं लावलं तर कोण उरेल ते उघड आहे. न्यूरेंबर्गला तर नियमांची परंपरा आहे. तिथे प्लॅस्टिकच्या माळा चालत नाहीत, कॅसेटवरची गाणी चालत नाहीत. सुंदर मांडलेल्या टपऱ्यांना सोन्याचांदीचा आलुबुखार-माणूस बक्षीस देतात. म्हणजे नियम पाळवून घेता येतात. तेच मालाच्या बाबतीत आणखी कडक करा.

लिंकनकर

इंग्लंडहून एक इशारा. आमच्या लिंकनचा बाजार 1982 ला जर्मनीतल्या जोडशहराचं बघून सुरू झाला, किल्ला आणि कॅथीड्रलच्या मधल्या जागेत, मोजक्या टपऱ्यांनी. वाढत वाढत 2022 ला चार दिवसांत तीन लाखांहून जास्त माणसं आली. गल्ल्या त्याच, मध्ययुगातल्या, चढाच्या. पुढच्या वर्षी नगरपालिकेने सुरक्षेच्या कारणावरून तो कायमचा बंद केला. तोटा झाला म्हणून नाही, गर्दी झाली म्हणून! माणसं किती आली याच्यावर बाजाराचं यश मोजायचं थांबवलं पाहिजे.

एर्लांगेनची_काकू

अगं, आईबाबांना नक्की ने. फक्त शनिवार-रविवार टाळ आणि संध्याकाळही टाळ. मंगळवारी सकाळी 11 ला जा. टपरीवाले निवांत असतात, बोलतात. हाउप्टमार्क्ट (मुख्य बाजाराचा चौक) बघून झाला की शेजारच्या हान्स-साक्स-प्लाट्झवर मुलांचा बाजार आहे, जुनी कॅरसेल (गोल फिरणारा पाळणा) आहे, तिथे बाबांना बसायलाही मिळेल. आई शाकाहारी असतील तर बटाट्याचे पुफर घ्या (तळलेल्या थालीपिठासारखे, सोबत सफरचंदाची चटणी), भाजलेले चेस्टनट घ्या, बिनदारूचा पंच घ्या. लेबकूखनमध्ये (मसाल्याच्या केकसारख्या बिस्किटात) आणि पुफरमध्येही बहुधा अंडं असतं, हे आधी सांग. आईला हेही सांग की 2019 ला न्यूरेंबर्गची क्रिस्टकिंड (देवदूताच्या वेशात बाजाराचं उद्घाटन करणारी) जी मुलगी झाली, बेनिग्ना मुन्सी, तिचे वडील भारतीय. तिच्याबद्दल कुणी वंशावरून वाईटसाईट लिहिलं तेव्हा सगळं गाव तिच्या बाजूने उभं राहिलं होतं. मला त्या दिवशी हे गाव आपलं वाटलं.

आणि तुला हवाय तो बाजार खेड्यात आहे. एकाच शनिवार-रविवारचा, चर्चच्या अंगणात. अग्निशमन दलाची माणसं सॉसेज भाजतात, शाळेची मुलं मेणबत्त्या विकतात. आमच्या इथे मी सहा वर्षं वॉफलच्या टपरीवर उभी राहते, पीठ फेटून खांदा दुखतो, पण गावातली निम्मी ओळख मला त्या टपरीने दिली.

पेग्निट्झकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवार 16 तारीख ठरली, सकाळी 11. आणि लेकीच्या शाळेची टपरी आमच्या गावच्या बाजारात असते हे मला माहीत असून मी कधी तिथे नाव दिलं नव्हतं. काल दिलं, शनिवारी दोन तास.

एल्बेवरून, तुमचं कड्याचं वर्णन आईला फोनवर वाचून दाखवलं. ती आयुष्यभर क्रोशाने तोरणं, रुमाल विणत आलीय. तिला विचारलं, टपरीसाठी चांदण्या विणशील का? तिने एवढंच विचारलं, किती लागतील, आणि पांढऱ्या दोऱ्यात की लाल?

लेक म्हणतेय लाल. झायफनला मुलांना कातकाम जवळून बघता येईल अशी जागा कुठली ते कळवाल का? 20 नंतर जायचा विचार आहे.