अनुभव धागा : कारखान्यात सगळ्यांना जागा

वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड इथं भरती, पाळ्या किंवा सेफ्टी सांभाळणाऱ्यांनी लिहावं. स्वतःच्या कथा नकोत. काय केलं की जमतं आणि कुठं अडतं, तेवढं सांगा.

भरती विभाग, वाळूज
गडबड जाहिरातीच्या आधीच होते. जागा निघाली की सुपरवायझर गावाकडं फोन लावतो, आणि लाइनवर एकाच भावकीची पोरं दिसतात. म्हणून आठ दिवस तरी आयटीआयच्या फलकावर, समाजकल्याणच्या वसतिगृहांत, ग्रामपंचायतीत कागद लागू द्या. ओळखीचे अर्ज चालतील, पण रांग एकच. मुलाखतीला सगळ्यांना तेच सहा प्रश्न. दोघांनी वेगवेगळे गुण टाकायचे, चर्चा त्यानंतर. ‘पाहुणे कुठले?’ हा प्रश्न बंद. तो कशासाठी विचारतात हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं. त्यापेक्षा व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) हातात द्या आणि माप घ्यायला लावा.

अजून एक. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या पोरांचं शिक्षण सलग नसतं, कारण दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड फडावर जातं. ‘गॅप नको’ ही अट टाकली की ही पोरं कुणी न बघताच गळतात.

पाळी नियोजन, शेंद्रा
बायका टिकत नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी बसचा मार्ग बघावा. गाडी फाट्यावर सोडते, पुढं गावापर्यंत अंधार. घरचे महिनाभर बघतात, मग नोकरी बंद. थांबा वस्तीपर्यंत न्या. एका लाइनवर एकटीला टाकू नका, चार-पाच जणी एकत्र द्या. चार-पाच नंबरचे सेफ्टी शूज रुजू होण्याआधी मागवा; सैल बुटानं पाय अडखळतो. टेबल पुरुषांच्या उंचीचं असतं, हलक्या जुळणीला ते कोपराच्या १०-१५ सेंमी खाली हवं.

एक वाचक, जालना
पोरी घेतल्या अन् समद्या पॅकिंगला बसवल्या, तर काय उपयोग? आकडा ग्रेडनुसार मोजा. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) किती, लाइन लीडर किती? कामून नाहीत, ते लगेच कळतं.

अंतर्गत समिती, लातूर
१० किंवा जास्त माणसं असली की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक बाहेरची व्यक्ती. तक्रार ३ महिन्यांत द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. फसतं ते असं: फलकावर सोडून गेलेल्यांची नावं, आणि ठेकेदारीवरच्या बायकांना समिती आपलीही आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. तक्रार पेटी सीसीटीव्हीखाली टांगणारेही आहेत!

पाळणाघराचंही असंच. ५० कर्मचाऱ्यांची अट पुरुष धरून मोजायची. ‘आमच्याकडं बायकाच कमी’ हे कारण चालत नाही.

सेफ्टी, चिकलठाणा
रॅम्पचा उतार १:१२. पायऱ्यांची उंची मिळून ४५ सेंमी असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब येतो. जागा नाही म्हणून निम्म्यात उरकला, तर त्यावरून मोटारसायकल चढते, व्हीलचेअर नाही. दार ९० सेंमी मोकळं हवं. कर्णबधिर ऑपरेटर असेल तर भोंग्याला लुकलुकणारा दिवा जोडा, शौचालयातसुद्धा. तिथलाच दिवा लावायचा राहून जातो. आगीच्या ड्रिलमध्ये दिवा मुद्दाम तपासा, नाहीतर बल्ब गेलेला आगीच्या दिवशीच कळेल.