मदत हवी आहे : कोळशाच्या पोत्यावर भाडं कसं लावायचं?

नमस्कार मंडळी. ठाण्यात कळव्याला आमची लाकडी कोळशाची छोटी वखार आहे. गिऱ्हाईक म्हणजे इस्त्रीवाले आणि तंदूरवाली हॉटेलं. बाबा पोत्याचा एकच भाव सांगायचे, पोच धरून. आता पार कासारवडवलीहून ऑर्डर येतात. वाटेत माजिवड्याला टेम्पो तासभर अडकला की दोन पोत्यांचा नफा डिझेलात जातो. भाडं वेगळं मागितलं की "गॅसवाला घेतो का?" असं ऐकवतात. अहो, हॉटेलांच्या १९ किलोच्या सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या १ तारखेला कंपन्या जाहीर करतात. आम्हाला कोण भाव बांधून देतं?

त्यात पावसाळा. कोळसा ओल धरतो, वजन उगाच वाढतं आणि पोत्याच्या तळाशी चुरा निघतो. मी चुरा चाळून वजनातून वजा करते, तो घाटाही माझाच. इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापनचा (वजनकाटे तपासणारं सरकारी खातं) शिक्का मारून घ्यायचा, ते आणखी वेगळं.

असा धंदा करणारं कुणी असेल तर सांगा, भाडं अंतरावर लावता की पोत्यांवर? लांबच्या ऑर्डरला किमान किती पोती धरावीत? आणि एकच पोतं, तेही उधारीवर नेणाऱ्या जुन्या इस्त्रीवाल्यांना हे कसं सांगायचं? बाबांना विचारलं तर म्हणतात, "त्यांचं राहू दे."