भाचा रात्री गोठ्यात झोपतो, अडवावं का?

माणदेशी_मामी

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझी नणंद वारल्यावर तिचा मुलगा बापाकडेच राहिला. बाप पट्ट्याने मारायचा, रात्री घराबाहेर काढून दार लावून घ्यायचा. शाळेतल्या बाईंनी पाठीवरचे वळ पाहून आम्हाला फोन केला, तेव्हा आमचे हे जाऊन त्याला घेऊन आले. आता तो चौदा वर्षांचा आहे, नववीत.

आमच्याकडे दोन खिल्लार गाई आणि थोड्या शेळ्या आहेत. माणसांशी त्याचं बोलणं हो-नाहीपुरतं. एक शेळी व्याली आणि मेली, तिचं करडू त्याने बाटलीने वाढवलं. कानावर पांढरे ठिपके म्हणून नाव कवड्या. त्याच्याशी मात्र तासभर बोलत बसतो. घरात झोपला की दचकून उठतो. गोठ्यात पोतं अंथरून कवड्याला टेकला की सकाळपर्यंत गाढ झोप. सासूबाई म्हणतात, जनावरांत राहून पोर जनावर होईल.

मागच्या आठवड्यात एका शेळीने पाण्याची बादली लवंडली, तर त्याने तिला काठीने फार मारलं. मग स्वतःच कोपऱ्यात थरथरत बसला. मला त्याच्या बापाची आठवण झाली आणि पोटात गोळा आला.

आणखी एक. कवड्या आता चांगला भरलाय. पाण्याच्या मोटारीसाठी सोसायटीचं कर्ज काढलंय, म्हणून बकरी ईदच्या आधी त्याला विकायचं ठरतंय. पोराला सांगितलेलं नाही. काय करू?

बालहक्क_कार्यकर्ती

मामी, मुलगा तुमच्याकडे आहे हे फार चांगलं झालं. आधी कागद पक्के करा. बाप उद्या दारात आला तर तुमच्या हातात काहीतरी हवं. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जा, किंवा मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ नंबरवर फोन करा, तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे असा मुलगा 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतो आणि समिती त्याला नातेवाइकांकडे ठेवण्याचा आदेश देऊ शकते. सांभाळणाऱ्यानेच मुलाला असं मारणं हा त्याच कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. सरकारच्या बालसंगोपन योजनेचाही अर्ज करा. पात्र ठरलात तर महिन्याला २२५० रुपये मिळतील. बोकड विकायची घाई त्याने थोडी कमी होईल.

गोठ्याबद्दल सासूबाईंना सांगा की हे खूळ नाही. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या खोलीत त्यांचा कुत्रा जिंगल्स होता म्हणून एक गप्प मूल खुललं. त्यांनी १९६२ साली त्यावर लेख लिहिला. सुरुवातीला बऱ्याच जणांनी चेष्टा केली. तिथेच ब्रूस्टर गावात ग्रीन चिम्नीज नावाची शाळा १९४७ पासून आहे. घाव सोसलेली मुलं तिथे शेतावर शेळ्यामेंढ्या सांभाळत शिकतात. पण तिथे बरोबर समुपदेशकही असतात. तो भाग तुम्ही सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं.

गुरांचा_डॉक्टर

झोपू द्या, पण जमिनीवर नको. शेळ्यांच्या मुताचा उग्र वास खाली साचतो, गोचीड-पिसवाही चढतात. एका कोपऱ्यात बाज टाका. कवड्या आपण होऊन वर येईल. जंताचं औषध, पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांची लस वेळेवर द्या. शेळी व्याली की वार उघड्या हाताने उचलू देऊ नका आणि कच्चं दूध पिऊ देऊ नका, माणसाला ताप लागतो. कवड्याला ठेवायचं ठरलं तर खच्ची करून घ्या. नाहीतर माजावर आलेला बोकड पोराला धडक देईल आणि दोघांचं बिनसेल.

परांड्याची_शेळीवाली

मामी, मी धाराशिव जिल्ह्यातली, आता पशुवैद्यकीय पदविका करून नोकरीला आहे. घरी सावत्र वडिलांचा मार होता. तुमच्या भाच्याच्याच वयाची असताना आजीने मला परांड्याजवळ तिच्याकडे आणलं. तिच्याकडे उस्मानाबादी शेळ्या होत्या, काळ्याभोर. त्यांतली एक बाजारातून आणलेली. तिला कुणीतरी खूप मारलेलं असणार. कुणी नुसता खराटा उचलला तरी मान आत घ्यायची. आजी म्हणाली, हिची धार तू काढायची.

मी घाईने, आवळून बसले की ती पान्हा चोरायची. भ्यालेल्या जनावराच्या अंगात ॲड्रेनालिन सुटतं आणि ते पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येतं, हे मी पुढे कॉलेजात शिकले. तेव्हा एवढंच कळायचं, मी शांत तर दूध, नाहीतर लाथ. माणसांपुढे मी ठीक असल्याचं सोंग करू शकायचे. तिच्यापुढे ते चालायचं नाही. मग तिच्या कुशीला कपाळ टेकून तिचं रवंथ ऐकत बसायचे, तिचं पोट वरखाली व्हायचं तसा माझाही श्वास लांब व्हायचा. कुणी मला 'शांत हो' म्हणालं असतं तर जमलं नसतं.

माझ्यावर उपचारही झाले, ते महत्त्वाचं आहे. महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे जायचे. त्यांनी घरचं विचारलं की माझं तोंड बंद. मग त्या शेळ्यांचं विचारायला लागल्या. त्या शेळीला कसं मारलं असेल, ती हात बघून का बिचकते, असं सांगता सांगता एके दिवशी मी माझंच सांगायला लागले. तुमचा भाचा कवड्याशी जे बोलतो ते ऐकायला जाऊ नका. ते त्याचं आहे. मोठ्यांना सांगायचं ते तो स्वतःच निवडेल.

आता काठीचं. तो नंतर थरथरला, हे तुम्ही पाहिलंत. बापाशी तुलना त्याच्या कानावर कधीही जाऊ देऊ नका, रागात तर नाहीच. गोठ्यातल्या काठ्या काढून टाका, पण सगळ्यांसाठी. मामांनीही उचलायची नाही. नियम एकट्या त्याच्यासाठी असेल तर ती शिक्षा होईल. राग आला की बाहेर यायचं, निवल्यावर परत आत जायचं, दार त्याला बंद नाही. त्या शेळीच्या अंगावर सूज आहे का ते त्याच्यासोबत बघा आणि हळद-तेल त्याच्याच हाताने लावा.

आणि कवड्या. शेळ्या पाळणाऱ्या घरात बोकड विकला जातो, मी काही वेगळं सांगणार नाही. आमचंही पोट त्यावरच होतं. पण आजीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "ही शेळी तुझी, ही विकायची नाही. हिच्या पाटी (माद्या) ठेवू, बोकड विकू. विकायच्या आधी तुला सांगेन." आणि तिने दर वेळी सांगितलं. मी रडले, एकदा जेवले नाही, पण सकाळी उठून गोठा रिकामा सापडला असं कधी झालं नाही. ज्या घरात मोठी माणसं न सांगता काहीही करतात, तिथून आलेलं पोर आहे ते. तो शाळेत गेल्यावर कवड्याला टेम्पोत चढवलंत तर त्याच्या लेखी तुम्हीही त्यांतलेच.

मला विचाराल तर कवड्याला विकूच नका, दुसरा बोकड काढा. ते अगदीच जमत नसेल तर आत्ता सांगा, मामांनी सांगा, आणि बाजारात यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. 'तुला नवीन आणू' असं मात्र म्हणू नका.

माणदेशी_मामी

सगळ्यांचे आभार. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. ह्यांचं म्हणणं, कवड्या राहू दे, दुसरे दोन बोकड काढू, हप्त्याला जे कमी पडेल ते मी बघतो. काल रात्री गोठ्यात जाऊन ह्यांनीच त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने विचारलं, ते दोन कोणते. ह्यांनी दाखवले. आज त्याने त्या दोघांना जास्तीचा पाला घातला. बाज टाकली आहे. सासूबाईंचं तोंड अजून चालूच आहे.

सोमवारी समितीकडे जातोय. त्याला बरोबर न्यावं लागेल का?

बालहक्क_कार्यकर्ती

हो, न्या. समिती त्याचं म्हणणं ऐकते, त्याशिवाय आदेश देत नाही. कुठे जातोय, तिथे काय विचारतील, हे त्याला आजच सांगा. त्याचं आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि नणंदेचा मृत्यू दाखला घ्या. वळांचे फोटो किंवा दवाखान्याचे कागद असतील तर तेही. शाळेतल्या बाई यायला तयार असतील तर फारच उत्तम.