मदत हवी आहे : वडिलांना लोणारच्या तळ्याचा कोरडा काठ दाखवायचा आहे

मी रिसोड तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वडिलांचे वय 76 असून त्यांचे गुडघे दुखतात. तरीही लोणारच्या तळ्याचा कोरडा काठ एकदा पुन्हा पाहायचा, हा त्यांचा हट्ट आहे. लहानपणी ते आजोबांबरोबर ऐन वैशाखात विवरात उतरले होते. पाणी बरेच आत सरकले होते आणि काठावर क्षाराचा पांढरा पापुद्रा धरला होता. पाय पडला की तो कुरकुरत मोडायचा आणि खालचा काळा, उग्र वासाचा चिखल बोटांमधून वर यायचा, हे ते आजही हाताच्या मुठी दाबून दाखवतात. तिथला ‘पापडी’ नावाचा क्षार आजी पापडाच्या पिठात घालत असे.

बेसाल्टच्या पठारावर उल्का आदळून झालेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या या विवरातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते उन्हाने उडते आणि क्षार मागे राहतात, म्हणजे पाणी जितके आटेल तितका काठ पांढरा, एवढा हिशेब मला कळतो. जून 2020 मध्ये तळे गुलाबी झाले, तेही पाणी घटून खारटपणा वाढल्यामुळे आणि त्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावल्यामुळे. (आम्ही तेव्हा टाळेबंदीत घरी बसून फोटोच पाहिले.) अलीकडे मात्र उलटे झाले असून, पातळी वाढून पाणी कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत आले आहे.

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात तळ्यावर जाऊन आलेल्यांना विचारतो : मे महिन्याच्या अखेरीस कोणत्या बाजूला कोरडा पट्टा उघडा पडलेला दिसला? ‘धार’ नावाच्या झऱ्याकडील पायऱ्यांनी उतरणे वडिलांना जमेल, परंतु चढताना जागोजागी टेकायला सावली आहे का? हे अभयारण्य असल्यामुळे सकाळी किती वाजता आत सोडतात, हेही कळवावे, कारण नऊनंतरच्या उन्हात त्यांना नेण्याची माझी तयारी नाही.

काठ पाण्याखालीच असेल, तर विवराच्या उत्तरेचे लहान अंबर तळे दाखवावे, असा विचार आहे. ते उथळ आहे आणि उन्हाळ्यात आटते. तिथे पापडी नाही, हे वडिलांच्या लगेच लक्षात येईल. पण निदान कोरड्या तळात त्यांना उभे तरी करता येईल. मेहकरहून सुलतानपूरमार्गे येणारी चारचाकी अंबर तळ्याच्या किती जवळ जाते?